साहेबांची तंबाखू कुणी मळायची

दिवाळी अंकात डॉक्टर लिहितात, फौजदार लिहितात, रिटायर झालेले हेडमास्तर तर लिहितातच. तंबाखूवाल्याला कोण विचारतं? पण या अंकाच्या संपादकांचे वडील माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या ओळखीखातर मला विचारलं असावं. "तात्या, धंद्यातले चार अनुभव लिहा," म्हणाले. मी चार लिहायला बसलो आणि एकावरच अडकलो. तो अनुभव माझ्या चांगुलपणाचा नाही, हे आधीच सांगतो. माझ्या जळकेपणाचा आहे.

बारामतीत मंडईच्या मागच्या गल्लीत माझं दुकान होतं. आता शटर ओढलंय, पण छत्तीस वर्षं चालवलं. दुकान म्हणजे काय, आठ पोती, एक तराजू, एक बाकडं आणि माझ्या बसण्याची गादी. खायची पानाची तंबाखू, चिलमीसाठी गुळाचं पाणी मारलेली काळी, बायकांसाठी भाजून कुटलेली मिसरी. लोकांना वाटतं तंबाखू सगळी एकच. अहो, ज्वारीत जितका फरक असतो तितका तंबाखूत असतो. आणि ती डोळ्यानं कळत नाही, हातानं कळते. पान मुठीत दाबायचं आणि सोडायचं. हळूहळू उलगडलं तर माल चांगला. कडकन मोडलं तर वाळून मेलेला. तसंच दबून राहिलं तर कुणीतरी पाणी मारलंय. पाणी आम्ही सगळेच मारतो, थोडं मारावंच लागतं, नाहीतर उन्हाळ्यात पोत्यात भुगा उरतो. वजनही वाढतं, पण ते राहू दे.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक शाळेतल्या बाई दर महिन्याला सासूसाठी मिसरी न्यायच्या. सासू जाऊन सहा वर्षं झाली होती, मी स्वतः मातीला गेलो होतो. पण त्या "आमच्या आत्याबाईंना ही लागत नाही, जरा कडक द्या" म्हणायच्या आणि मी कडक द्यायचो. एक जुने पैलवान होते, डॉक्टरनं तंबाखू तोडलेली. ते रोज सकाळी यायचे, पोत्याशी वाकून पाच मिनिटं नुसता वास घ्यायचे, आणि "चांगला माल हाय" म्हणून जायचे. त्यांच्याकडून मी कधी काही घेतलं नाही. माझ्याकडून माल नेणारे काहीजण पुढं जबड्याच्या ऑपरेशनला पुण्याला गेले, त्यातले दोघं परत आले नाहीत. एकजण माझ्या बरोबरीचा, लहानपणी आम्ही एका कॅनॉलमध्ये पोहलो होतो. त्याच्या दहाव्याला मी मागं उभा राहिलो, पुढं जायला धीर झाला नाही. ही खंत आहे आणि ती राहणार. मी स्वतः कधी तोंडाला लावली नाही, ही काही फुशारकी मारायची गोष्ट नव्हे.

आता साहेबांकडं येतो. कर्णिक साहेब एका साखर कारखान्यात चीफ केमिस्ट होते. रिटायर झाल्यावर माळेगाव रस्त्याला छोटा बंगला बांधून राहिले. बायको वारलेली, मुलगी परदेशात. स्वयंपाकाला कमलबाई. साहेब पाइप ओढायचे. आमच्या भागात विडी आहे, चिलीम आहे, सिगरेट आहे, पण पाइप फक्त साहेबांचा. त्याची तंबाखू मुलगी डब्यातून पाठवायची.

एके दिवशी साहेब दुकानात येऊन बाकड्यावर बसले आणि खिशातून एक चपटा पत्र्याचा डबा काढला. "बबन," म्हणाले (गल्लीला मी तात्या, साहेबांना बबन), "ही बघ." आत तपकिरी पट्ट्या एकावर एक रचून ठेवलेल्या. बोटाएवढ्या लांब, पत्त्याएवढ्या पातळ. पानं थरावर थर घालून भारी वजनाखाली महिना-महिना दाबतात, त्याची लादी होते, मग ती लादी सुरीनं पातळ कापतात. वास घेतला तर वाळल्या गवताचा आणि मनुकांचा. मी इतकी वर्षं धंद्यात, पण असला माल बघितला नव्हता.

अडचण अशी होती की ही पट्टी आहे तशी पाइपात जळत नाही, आधी ती तयार करावी लागते, आणि साहेबांचे हात कापायला लागले होते. चहाचा कप धरताना बशी वाजायची. कमलबाईंना सांगितलं तर त्यांनी पट्ट्या मिक्सरमध्ये फिरवून काढल्या. "बारीकच करायची हाय न्हवं?" म्हणाल्या. त्याची झाली तपकीर. साहेबांनी तीही भरून बघितली आणि झुरक्यासरशी सगळी तोंडात आली.

"तुझा हात तंबाखूतला आहे," साहेब म्हणाले. "तू मळून देशील का?"

मी डबा घेतला. मोठ्या ऐटीत डाव्या तळव्यावर पट्टी ठेवली, उजव्या अंगठ्यानं मळली, फुंकर मारली, कागदात बांधून दिली. दुसऱ्या दिवशी साहेब जीभ बाहेर काढूनच आले. जीभ भाजलेली. कारण काय, तर दिवसभर गिऱ्हाइकांना चुना-तंबाखू मळून दाखवायचा माझा हात. तळव्याच्या रेघांत चुना बसलेला असतो, तो धुतला तरी जात नाही. पाइपाच्या तंबाखूत चुना घालणारा आख्ख्या जगात मी पहिला असेन. साहेब ओरडले नाहीत. "हात लिंबानं धुऊन येत जा," एवढंच म्हणाले. तेव्हापासून साहेबांचं काम असेल त्या दिवशी मी सकाळी लिंबू चोळून हात धुवायचो, आणि काम आटपेपर्यंत गिऱ्हाइकाला चुन्याची डबी स्वतः घ्यायला सांगायचो.

मग साहेबांनी मला शिकवलं. ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पट्टी तयार करायच्या तीन तऱ्हा. पहिली घडीची. दोन पट्ट्या घ्यायच्या, उभी एक घडी, आडवी एक घडी, किंचित पीळ द्यायचा आणि पाइपात सरकवायच्या. वरून थोडा चुरा टाकायचा, पेटवण धरायला. ही दीड-दीड तास चालते, पण पेटायला हट्टी. दुसरी मळायची. दोन बोटांत धरून हळूहळू सोडवत जायची, धागे मोकळे होईपर्यंत. लवकर पेटते, लवकर संपते आणि जोरात ओढली तर जीभ चावते. तिसरी खडीची. पट्टी उभी चिरायची, मग आडवी चिरायची, बारीक चौकोनी खडे करायचे आणि पाइपात नुसते ओतायचे. यासाठी लोक कात्री वापरतात म्हणे. मी अडकित्ता लावला. माझ्या आईचा सुपारीचा अडकित्ता, धार अशी की सगळे खडे एकसारखे पडायचे. साहेब बघत राहिले. "हे विलायतेतही कुणाला सुचलं नसेल," म्हणाले. ते वाक्य मी घरी शालनला, म्हणजे माझ्या बायकोला, चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा तोंड उघडलं तर म्हणाली, "जेवा आता."

तिन्ही तऱ्हांत खरी मेख ओलीची. डब्यातली पट्टी दमट असते. तशीच भरली तर विझते, गुरगुरते, तोंडात कडू पाणी येतं. आम्ही पाणी मारणारी माणसं, आणि इथं उलटं, पाणी काढायचं. मार्च-एप्रिलात बारामतीच्या हवेत कागदावर पसरली की पंधरा मिनिटांत तयार. श्रावणात तीन-तीन तास लागायचे. उन्हात ठेवायची नाही, वास उडतो.

दर शुक्रवारी चार वाजता मी दुकान तासभर बंद करून बंगल्यावर जायचो. मागच्या शुक्रवारी नेलेल्या पट्ट्या तयार करून, जुन्या कॅलेंडरच्या कागदात पुडी बांधून न्यायची, चहा घ्यायचा, पुढच्या आठवड्याच्या पट्ट्या घेऊन यायचं. साहेब कारखान्याच्या गोष्टी सांगायचे, मी बाजाराच्या. मी सातवी पास माणूस. माझ्यासमोर चीफ केमिस्ट बसतो, माझ्या हातची तंबाखू ओढतो आणि "बबन, तुझं काय मत?" म्हणून विचारतो. गल्लीत परत येताना माझी मान जरा ताठच असायची. अशी नऊ वर्षं गेली.

इंदापूर तालुक्यात बावड्याला साहेबांची थोडी जमीन होती. महिन्यातून दोनदा जीपनं जायचे, दोन दिवस राहायचे. एका शुक्रवारी मी गेलो तर साहेब पाइप ओढत होते. ओढून झाल्यावर त्यांनी पाइप राखेच्या भांड्यात उलटा केला. पांढरी राख, तळापर्यंत. मी बघतच राहिलो. कारण माझी पुडी कितीही वाळवून दिली तरी तळाशी बोटभर ओला गाळ उरायचा. साहेब म्हणायचे, उरायचाच, सगळ्यांचा उरतो.

"ही माझी न्हाय," मी म्हणालो.

"नाही. बावड्याला आमच्या बांधाला सिदूआबा आहेत, धनगर. चिलीम ओढतात. परवा मी पट्टीशी झटापट करत होतो, त्यांनी हातातून घेतली आणि करून दिली." साहेब खुशीत होते. "काय हात आहे रे त्या माणसाचा. शेवटच्या झुरक्यापर्यंत चव."

मी चहा अर्धा ठेवून उठलो. नऊ वर्षं मी लिंबू चोळतोय, आणि हा माणूस एका दिवसात तळापर्यंत राख करतो? त्यानंतर दर शुक्रवारी आबा. आबा असं करतात, आबा तसं म्हणाले. साहेब आता निम्म्या पट्ट्या बावड्याला न्यायचे. माझ्या हातात पट्ट्या कमी पडायच्या आणि मी त्या घरी येऊन मोजायचो. रात्री झोप लागेना. शालन म्हणाली, "काय झालंय तुम्हाला? सवत आली का काय?" मी म्हणालो, गप्प बस. म्हणाली, "आली म्हणजे. हिरव्या लुगड्याची का धोतराची?" आणि हसायला लागली. मला हसू आलं नाही.

शेवटी एका सोमवारी शटर ओढलं आणि इंदापूरची एसटी धरली. तिथून बावड्याला. घरी सांगितलं माल बघायला चाललोय. साहेबांच्या शेताच्या बांधावर चिंचेखाली सिदूआबा बसले होते. पंचाहत्तरीचे असतील, काटकुळे, अंगात खिशांची बंडी, शेजारी घोंगडी आणि काठी. मागं बाभळीच्या फांद्यांचा मेंढरांचा वाडा. मी म्हणालो, साहेबांनी पाठवलंय, जमीन बघायला. आबांनी पाणी दिलं. मग चहा. मग मी हळूच विषय काढला.

"साहेबांच्या तंबाखूचं काय करता म्हणे तुमी?"

"काय करायचंय त्यात," आबा म्हणाले आणि बंडीच्या आतल्या खिशातून धडप्यात गुंडाळलेल्या दोन पट्ट्या काढल्या. "सकाळी हितं ठिवायच्या, छातीपाशी. अंगाच्या उबीनं सुकत्यात. उन्हानं न्हाय, वाऱ्यानं न्हाय. दुपारपत्तुर बेतानं व्हत्यात."

मग त्यांनी पट्टी बोटांच्या टोकानं, पानाच्या शिरेच्या दिशेनं सोलली. मळली नाही, कापली नाही. निम्मी जाड जाड तुकड्यात ठेवली, निम्मी मोकळी केली, उरलेला चुरा बाजूला. "जाड खाली. मधी मोकळी. चुरा वर. खाली वाऱ्याला वाट ठिवायची. चिलमीत बी तसंच. वाट न्हाय ठिवली तर इस्तू खाली जातोय कसा?"

एवढंच होतं. तिन्ही तऱ्हा एका पाइपात. मी सगळं बघितलं, समजलं, आणि माझा जीव जास्तच जळाला. कारण त्या माणसानं ते माझ्यापासून लपवलं नाही. मी असतो तर लपवलं असतं. शिवाय मी निघताना म्हणाले, "तुमी बी तंबाखूतलं दिसताय. तुमच्या बोटावर डाग हाय." मी म्हणालो, न्हाय, मी जमिनीतला.

आता लिहायला जड जातंय ते लिहितो. पुढच्या शुक्रवारी चहा घेताना मी साहेबांना म्हणालो, "साहेब, बोलू नये, पण बावड्याला गेलो होतो कामानं. तुमचे आबा दिसले. मेंढरांच्या गोचिडांचं औषध लावत होते. तसल्याच हातानं तुमच्या पट्ट्या सोलायला बसले. हात पुसला नुसता घोंगडीला. विषारी औषध असतंय ते. माझ्या डोळ्यांनी बघितलं."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "असं होय. बरं."

आणि काय सांगू, त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून आबांच्या तंबाखूचं नाव निघालं नाही. राखेचं भांडं कमलबाई आधीच धुऊन ठेवायच्या, त्यामुळं तेही दिसायचं नाही. मी जिंकलो. वरून आबांची तऱ्हा मी उचलली. बनियनच्या आत खिसा शिवून घेतला, पट्ट्या छातीशी ठेवायला लागलो. गल्लीभर माझ्या अंगाला मनुकांचा वास यायचा. पुडी द्यायचो तेव्हा साहेब म्हणायचे, "छान. ठेव तिथं." पूर्वी ते लगेच भरून बघायचे, आता नंतर ओढीन म्हणायचे. मला वाटलं वय झालं, दम लागत असेल. दीड वर्ष असं चाललं. मी इतका खुशीत होतो की शालन म्हणाली, सवत गेली वाटतं माहेरी.

गेल्या वर्षी दसऱ्याआधी बंगल्याला रंग काढला. साहेब डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला. कमलबाईंचा दुकानात निरोप आला, कपाट हलवायचंय, माणूस मिळत न्हाय, जरा हात लावा. मी गेलो. कपाट जड होतं म्हणून आधी रिकामं करायला घेतलं. खालच्या खणात बिस्किटांचे मोठे पत्र्याचे डबे. एकाचं झाकण निघालं.

आत माझ्या पुड्या. कॅलेंडरच्या कागदाच्या, माझ्या गाठीच्या. दुसऱ्या डब्यातही त्याच. तिसऱ्यातही. एकीचीही गाठ सुटलेली नव्हती. ओळीनं लावून ठेवलेल्या, कागदावरच्या महिन्यांच्या हिशेबानं. सगळ्यात जुनी, मी आबांवर तो आळ घेतला त्याच्या पुढच्या शुक्रवारची.

मी कमलबाईंना विचारलं, "साहेब ओढायचं सोडलेत का?"

"न्हाय की. रोज संध्याकाळी ओढत्यात." त्या भिंतीवरची खुंटी काढत होत्या. "बावड्याचं आबा धाडून देत्यात डबीत भरून. दुधाच्या गाडीवाल्याकडं."

"आणि मी सांगितलं होतं ते, मेंढरांच्या औषधाचं?"

कमलबाई खुंटी हातात धरून थांबल्या. "तुमी गेल्यावर साहेब मला म्हणलं, कमल, सिदूनं मेंढरं इकून बारा वर्सं झाली. हा कुठल्या मेंढरांना औषध लावताना बघून आला?" मग जरा ओशाळून म्हणाल्या, "मला सांगू नगं म्हणलं व्हतं."

घोंगडी बघितली, काठी बघितली, रिकामा वाडा बघितला, आणि धनगर म्हणजे मेंढरं असणारच असं धरून चाललो. खोटं बोलायचं तर निदान नीट बघून तरी बोलायचं. आणि साहेबांना त्याच मिनिटाला कळलं होतं. दीड वर्ष मी दर शुक्रवारी जिंकलेल्या माणसासारखा त्यांच्यासमोर बसून चहा पीत होतो आणि ते बघत होते. अगदी खरं लिहितो, त्याही वेळी लाजेच्या आधी मनात आलं ते हे, की दीड वर्ष रोज संध्याकाळी आबाचीच तंबाखू जळत होती. मग लाज आली. आली ती अजून गेलेली नाही.

साहेब परत आल्यावरच्या शुक्रवारी मी गेलो. डोळ्याला हिरवी पट्टी, हात पहिल्यापेक्षा जास्त कापत होते. मी पुडी टेबलावर ठेवली नाही. हातातच ठेवली. म्हणालो, "साहेब, ही आज माझ्यासमोर ओढा. न्हायतर परत घेऊन जातो."

साहेब म्हणाले, "कपाट तू हलवलंस होय."

"व्हय."

"भर मग."

मी पाइप भरला. जाड खाली, मोकळी मध्ये, चुरा वर. काडी लावून दिली. साहेबांनी दोन झुरके घेतले, डोळे मिटले. मी वाट बघत होतो. माझी अक्कल बघा, अशा वेळीही मी ऐकायला टपलो होतो की कशी झालीय.

"चांगली आहे," साहेब म्हणाले. "पहिल्यापासून चांगलीच असणार. पण ओढायला घेतली की तुझं ते वाक्य आठवायचं. मग तोंडात काही लागायचं नाही."

"मग घेत कशाला होता?"

"घेतली नसती तर तू शुक्रवारी आला असतास का?"

साहेबांनी पाइप खाली ठेवला. पेटलेला पाइप त्यांनी कधी असा ठेवला नव्हता. "आबांना सांगितलंस?"

"न्हाय."

"मग आधी तिकडं जा. आळ त्यांच्यावर घेतलास. ते झालं की ये. तोवर पट्ट्या नेऊ नकोस."

आठ दिवस मी गेलो नाही. आजारी आहे म्हणून दुकानात पडून राहिलो. शालनला सगळं सांगावं लागलं. ती या वेळी हसली नाही. भाकरी-पिठलं बांधून दिलं आणि म्हणाली, "पहिली गाडी सहाला हाय."

सिदूआबा त्याच चिंचेखाली होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. जमिनीतला नाही, तंबाखूवाला आहे. तुमची तऱ्हा चोरली. साहेबांना सांगितलं की तुमचा हात विषाचा आहे. आबा ऐकत होते, हातातलं काम न थांबवता. पट्टी सोलत होते. मला वाटलं आता काठी घेतील. घेतली असती तर मी पाठ दिली असती.

"बारामतीचं बबन म्हंजी तुमीच?" शेवटी म्हणाले.

"व्हय."

"अडकित्त्यानं खडं पाडणारं?"

"व्हय."

आबांनी पट्टी मांडीवर ठेवली. "विषाचं म्हणला, त्ये वाईट केलंत. आमी मेंढरावर जगलेली माणसं, आमच्या हाताला कुणी असं म्हणलेलं न्हाय. त्ये मी इसरणार न्हाय, तुमाला आत्ताच सांगतो." मग जमिनीकडं बघत, "पर खरं सांगू का, साहेब हितं यायचं, की सुरू. बबन असं खडं पाडतोय, बबन लिंबानं हात धुतोय, एकसारखं जवारीच्या दाण्यावानी खडं. नऊ वर्सं ऐकलं मी. पट्टी हातात यायच्या आदी. माझ्या पोटात दुखायचं. म्हणून तर त्या दिवशी त्यांच्या हातातनं वढून घेतली."

मी खाली बसलो. शालननं दिलेली भाकरी सोडली, आबांनी कांदा फोडला. आम्ही जेवलो. ते फारसं बोलले नाहीत, आणि निघताना या परत असंही म्हणाले नाहीत. माफी मिळाली का? नाही मिळाली. मिळायला नकोच होती. पण परतीच्या एसटीत खिडकीपाशी बसलो आणि इंदापूर येईपर्यंत माझ्या लक्षात आलं की मी हसतोय. त्यांनाही पोटात दुखत होतं. नऊ वर्षं दुखत होतं, माझ्यामुळं. मला इतकं बरं साहेबांच्या कौतुकानंसुद्धा कधी वाटलं नव्हतं, आणि हे छापून आलं की शालन मला घरात घेईल का नाही सांगता येत नाही.

आता साहेब डबा आला की पट्ट्या दोन ठिकाणी वाटतात, एक पुडकं मला, एक बावड्याला. हात कापतात म्हणून वाटणी मी करतो, ते बघतात. निम्म्यानिम. शेवटी एक पट्टी उरली तर साहेब म्हणतात, "ती आबांना दे." दर वेळी एक उरते. मी देतो.